फस्ट शिफ्टची वडी

दुपारी तीनच्या सुमाराला तुम्ही रशीदभाईंच्या बेकरीत गेला असता, तर माझी बायको भट्टीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून मोठ्यानं आकडे मोजताना दिसली असती. एक, दोन, तीन, चार. आठाच्या आत हात काढावा लागला, तर म्हणायची, "अजून रागात हाय. थांबा." विसापर्यंत हात टिकला, तर रशीदभाईंच्या अंगावर जायची, "गार करून ठिवली का वो भट्टी? दोन लाकडं जास्त घातली असती तर काय झिजला असता?" बारा-तेराला हात पोळायला लागला की खूश. मग डोक्यावरनं आणलेले वड्यांचे दोन पत्रे आत सारायचे आणि पायरीवर बसून राहायचं. तोवर टोस्ट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी दोन भांडणं व्हायची ती वेगळीच.

तिचं नाव इंदूबाई. येत्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल. आमचा सतीश वर्षश्राद्धाला वाटायला एक पुस्तिका छापतोय. त्यानं मजकूर लिहून आणला आणि मला वाचून दाखवला: 'शांत, सोशिक, कधी कुणाला उलटून न बोलणारी माउली.' मी विचारलं, "ही कोण बाई?" तो म्हणाला, "आबा, असंच लिहितात. खाली तुमच्या चार ओळी टाकू." मी सातवी नापास माणूस. पण बावन्न वर्षं जिच्या तोंडाचा पट्टा ऐकला, तिला कागदावर मुकी करून टाकलेली बघून माझं डोकं फिरलं. म्हणून चार ओळींच्या जागी हे लिहितोय.

आम्ही सणसवाडीचे. वावर होतं ते रस्त्यात आणि कंपन्यांत गेलं. राहिलं ते घर, एक म्हैस आणि मागं बांधलेल्या सहा खोल्या. खोल्यांत कंपनीत जाणाऱ्या पोरी. कुणी जालन्याची, कुणी लातूरची, दोघी बिहारच्या. फस्ट शिफ्टला त्यांची बस पावणेसहाला यायची. बस आमच्या सतीशचीच. त्याच्या दोन गाड्या त्या कंपनीला लागलेल्या आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

त्या सुमाराला डॉक्टरनं मला सकाळी ओट्स खायला सांगितलं. सतीशनं मोठं पुडकं आणलं, इंदूनं दुधात शिजवून वाटी पुढं ठेवली. मी एक चमचा तोंडात घातला आणि वाटी सारली. म्हणालो, "हे घोड्याचं खाणं. म्हशीला टाक." दुसरी बाई असती तर मिनतवारी केली असती. ही वाटी उचलून खरोखर गोठ्यात गेली. म्हशीनं चाटून पुसून खाल्लं. बाहेर येऊन मला म्हणाली, "तिला कळतं तेवढं तुमास्नी कळत न्हाई."

पुडकं तसंच फळीवर पडून राहिलं. मग एका सकाळी रेखा, ती जालन्याची पोर, बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता खाली कोसळली. इंदूनंच तिला उचलून ओट्यावर निजवलं. तोंडावर पाणी मारलं, विचारलं, "काल कवा जेवलीस?"

"काल सात वाजता, काकी."

"आन् आता कँटीन कवा?"

"दहाला."

"पंधरा तास व्हय गं? आन् उभ्यानं काम?"

"सगळ्याच तशा जातात, काकी. पाचला उठून कोण स्टो पेटवणार?"

इंदू सतीशकडं वळली. तो गाडीचा हॉर्न वाजवत होता. "हॉर्न काय वाजवतो? पोरगी तुझ्या गाडीच्या पायरीवर पडली. तुझ्या पोटात काय गेलंय सकाळपासून, ते सांग आधी." सतीशच्या पोटात आईच्याच हातची भाकरी गेलेली. त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

त्याच दिवशी तिनं फळीवरचं पुडकं काढलं. न शिजवता, न बसता, कुठंही उभ्याउभ्या एका हातानं खाता येईल आणि दहापर्यंत दम धरील असं काहीतरी तिला करायचं होतं. पहिल्यांदा तिनं चिक्कीसारखा गुळाचा कडक पाक केला आणि त्यात ओट्स, शेंगदाणे घातले. चाखायला मलाच दिलं. माझी हलणारी दाढ त्यात राहिली. दुसऱ्यांदा पातेल्यात वाळू घालून वर ताट ठेवलं. खालून कोळसा, वरून कच्चं. चार दिवस घरात करपल्याचा वास. मी म्हणालो, "सोड आता." ती म्हणाली, "तुम्ही दात सोडलाय, मी न्हाई काय सोडत."

मग तिला बेकरी आठवली. दिवाळीत आमच्याकडच्या बाया रवा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जातात, रांग लावून नानकटाई भाजून आणतात. दिवाळी गेलेली. रशीदभाई म्हणाले, "भाभी, बाहेरचा माल फक्त दिवाळीत." ही म्हणाली, "माझी दिवाळी आज हाय," आणि पायरीवर बसली. दोन तासांनी रशीदभाईंनी पत्रा आत घेतला. पाव काढताना भट्टी तापलेली होती, म्हणून वडी वरून काळी झाली. तिथंच तिला समजलं की पाव निघाल्यावर टोस्ट सुकवतात, ती उतरती धग तिच्या वडीला हवी. तेव्हापासून ते हात घालून मोजणं सुरू झालं. "भट्टीचा राग उतरल्याबिगर वडी घालायची न्हाई," असं ती पोरींना सांगायची आणि लगेच माझ्याकडं बघून, "काही भट्ट्या तर मेल्या कवाच उतरत न्हाईत."

वडीत काय काय असायचं, तेही लिहितो, कारण पुस्तिकेत तेवढं तरी खरं असावं. ओट्स आधी कढईत कोरडे भाजायची. पिकून काळी पडलेली केळी आणि बिया काढलेला खजूर हातानं कुस्करायची. ते दोन्ही मिळून सगळं धरून ठेवतं. पाकाची गरज नाही, थोडासा चिरलेला गूळ आणि पळीभर तूप पुरतं. शेंगदाण्याचं भरड कूट. आणि अंजीर. तिचं माहेर दौंड तालुक्यातलं, पाटसच्या पलीकडं. भावाची अंजिराची बाग. पावसानं उकललेली अंजिरं बाजारात कुणी घेत नाही, ती बांधावर टाकून देत. ही पाटी भरून यष्टीनं घेऊन यायची आणि छपराच्या पत्र्यावर साडी पसरून वाळवायची. भाऊ म्हणायचा, "आक्का, चांगली ने की. ही फुटकी कशाला?" ती म्हणायची, "फुटलं म्हंजी वाया गेलं व्हय रं? गोडी कुठं सांडली त्याची?"

भट्टीतून काढल्यावर लगेच कापली तर वडी मोडते, गार झाल्यावर कापली तर भुगा होतो. पत्र्यावर तळहात ठेवता आला की सुरी चालवायची. त्या वड्या कागदात गुंडाळून पहाटे साडेपाचला ओट्यावर ठेवलेल्या असत. ओट्स पोरी आळीपाळीनं आणायच्या. वडी न घेता कुणी बसकडं गेली, तर सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक, "ए, रिकामी कुठं चाललीस?"

मी काय करत होतो? मी रागावत होतो. खोटं कशाला सांगू? भाडेकरूंच्या पोरींसाठी आपली बायको डोक्यावर पत्रे घेऊन बेकरीत जाते, याची मला लाज वाटायची. पारावर लोक म्हणायचे, "आबा, वैनींनी कारखाना काढला म्हनं." मी घरी येऊन तो राग काढायचो. ती म्हणायची, "पारावरच्यांना सांगा, एक दिस न खाता सकाळपासून उभं ऱ्हा. मंग बोला."

आता गेटची गोष्ट. ही सतीशच्या कागदात नाही. एके दिवशी शिफ्ट सुटल्यावर पोरी रडत आल्या. कंपनीच्या गेटवर नवीन हुकूम: बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. पहाटे घास उतरत नाही म्हणून पोरी वडी पिशवीत ठेवायच्या, कंपनीत पोचल्यावर खायच्या; वॉचमननं सगळ्यांच्या वड्या काढून कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकल्या. इंदू काही बोलली नाही, म्हणजे काहीतरी होणार. दुसऱ्या दिवशी पहाटे ती वड्यांचा पत्रा घेऊन पोरींबरोबर सतीशच्या बसमध्ये चढली. सतीश म्हणाला, "आई, उतर." ती म्हणाली, "गाडी हाण."

पुढचं मला रेखानं सांगितलं. गेटवर वॉचमन म्हणाला, "अम्मा, साहब का ऑर्डर है."

"बलव साहेबाला. आन् तू काय खाऊन आलास?"

"चाय-बिस्कुट."

"मंग तुझं बिस्कुट टाकलं का रं कुणी ड्रममधी?"

साहेब आला. आपल्याच भागातला, तरणा. म्हणाला, मालाला तेलकट हात लागतात, चुरा पडतो. ही म्हणाली, "चुरा पडू नये म्हणून घासच घ्यायचा न्हाई? आत नळ हाय का न्हाई? का तुमी हात धुतल्याबिगर जेवता?"

"मावशी, शांत व्हा."

"शांत घरी गेल्यावर हुईन. आत्ता तू सांग, ह्या पोरींनी वडी कुठं खायची?"

तिनं पत्र्यातली एक वडी वॉचमनच्या हातात दिली, एक साहेबाच्या, आणि गेटसमोर मातीत बसली. बस अडली, मागच्या दोन गाड्या अडल्या. शेवटी ठरलं, गेटच्या आत सायकलींच्या शेडमध्ये दहा मिनिटं थांबायचं, खायचं, हात धुवायचे आणि कामाला लागायचं. अजूनही तसंच चालतं.

घरी आल्यावर सतीश तिला बोलला. "माझ्या गाड्या बंद केल्या तर?" मीही त्याच्याच बाजूनं बोललो. तिनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "झाल्या बंद तर झाल्या. दोघं ओट्यावर या साडेपाचला. तुमास्नी पण देईन एकेक." गाड्या काही बंद झाल्या नाहीत. पण आज तिच्या पुस्तिकेत गेटची गोष्ट का नाही, ते तुम्हाला कळलं असेल.

ती गेली तीही बेकरीच्या पायरीवरूनच. छातीत कळ आली. शिरूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला होता. पत्रे भट्टीत राहिले. दिवेलागणीला रशीदभाई स्वतः डोक्यावर फडकं घालून दोन्ही पत्रे घेऊन आले. भावकीतला एक जण त्यांच्यावर ओरडला, "मयताच्या घरात गोडाचं काय आणता?" मी खाली मान घालून बसलो होतो. मी बोलायला हवं होतं. रेखानं उठून त्यांच्या हातातले पत्रे घेतले आणि मागं खोल्यांकडं नेले.

दहाव्याला घाटावर गर्दी होती. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानानं गेली. समाधानानं कसली जाते? पत्रे भट्टीत होते तिचे. मग श्रद्धांजलीची भाषणं. तालुक्याचे एक पुढारी आले. त्यांना त्या सकाळी आणखी दोन दहावे होते. सतीशच्या कानाशी लागून त्यांनी तिचं नाव विचारून घेतलं आणि माइकवर सुरू झाले, "शांत, सोशिक." त्यांच्यामागं चार जण बोलले. प्रत्येकानं तेच दोन शब्द उचलले. एकानं तर सांगितलं, की आमच्या घरातून तिचा आवाज कधी बाहेर आला नाही. अरे, तिचा आवाज हायवेपर्यंत जायचा! खरं बोलणाऱ्या बाया त्या वेळी मशीनवर उभ्या होत्या, कारण दहावा सकाळी होता आणि त्यांची फस्ट होती. शेवटी माइक माझ्याकडं आला. मी हात हलवून नको म्हणालो. सगळ्यांत जास्त राग मला त्या हाताचा येतो.

आणखी एक गोष्ट राहिली. ती आतापर्यंत कुणाला सांगितलेली नाही. ओट्सला मी घोड्याचं खाणं म्हणालो, तेव्हापासून शब्द मागं घेतला नाही. तिनंही मला वडी कधी पुढं केली नाही. पण ती वड्या कापायची तेव्हा पत्र्याच्या कडेची जरा करपलेली, अंजिरानं चिकट झालेली पट्टी काढून वाटीत ठेवायची आणि मला म्हणायची, "कडा करपली बगा. म्हशीला टाका." मी वाटी घेऊन गोठ्यात जायचो आणि म्हशीकडं पाठ करून सगळी खायचो. ती आपण होऊन काही बोलली नाही, मीही नाही. पुढं म्हैस विकली. गोठ्याला भिंती घालून सातवी खोली केली. त्यानंतरही ती गेली त्या आठवड्यापर्यंत वाटी देताना तेच म्हणायची, "म्हशीला टाका." आणि मी उठून मागं जायचो.

परवा रेखा ओट्यावर आली. आता शिफ्टवरून आली की भट्टीत हात घालून तीच मोजते. म्हणते, तेरापर्यंत टिकतो. तिच्या हातात वाटी होती.

"आबा, कडा आहे. काकींनी सांगून ठेवलं होतं, वड्या कुणालाही दे, पण कडा आबांकडं द्यायची. त्यांच्या म्हशीला लागते."

ही पोर सातव्या खोलीत राहते. म्हणजे गोठ्यातच. मी तिच्याकडं बघितलं. ती हसली नाही.

"ठेव इथं," मी म्हणालो. "टाकतो."

ती बसकडं गेली. मी या खेपेला मागं गेलो नाही. ओट्यावरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत बसून खाल्ली.

तर सतीश, हे सगळं छापायचं. गेटची गोष्ट पण. गाड्या बंद झाल्या तर झाल्या, तुझी आई सांगून गेलीय कुठं यायचं ते. जागा कमी पडली तर पुढाऱ्यांचा संदेश काढ, फोटो लहान कर. 'सोशिक' मात्र खोड. मी जिवंत असेपर्यंत तो शब्द तिच्या नावापुढं लागणार नाही.