इंजिन मी जाळलं, नाव वैशालीचं झालं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण परवा एका गॅरेजमध्ये चहा पिताना कुणीतरी तोच जुना किस्सा काढला — "बाईच्या हातात रेसची गाडी दिली, इंजिन वाजवून आणलं" — आणि सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो तरी डोकं तापलेलंच. त्यांच्यावर? की स्वतःवर?

मी नाशिकमध्ये गाड्यांचं ट्यूनिंग करतो. इंजिनाला कोणत्या वेगाला किती पेट्रोल द्यायचं, हे आकड्यांच्या एका तक्त्यात ठरलेलं असतं. गाडी पळवायची, लॅपटॉपवर तिची नोंद — लॉग — घ्यायची, आणि ती बघून एकेक आकडा सुधारायचा. पेट्रोल थोडं कमी केलं की ताकद वाढते. फार कमी केलं की पिस्टन वितळतो. इतकं साधं आहे ते.

वैशाली सटाण्याची. वडिलांच्या पिकअपवर शिकलेली, आणि गाडी अशी चालवायची की शेजारी बसलेला माणूस बोलायचं विसरायचा. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठने रॅलीसाठी गाडी बांधली, ट्यूनिंग मला दिलं, स्टेअरिंग तिला. दिंडोरी रोडला आम्ही लॉग घेतले. पण अगदी वरच्या वेगाचे घेतलेच नाहीत. मला कंटाळा आला — हो, कंटाळा! तक्त्याच्या वरच्या ओळी मी अंदाजाने भरल्या. वर शेठला जास्त ताकद दाखवायची म्हणून तिथलं पेट्रोल आणखी कमी केलं.

तिने सांगितलं होतं मला. सरावाहून आली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "भाऊ, वर गेल्यावर इंजिन कडकड करतंय. गाडीमा काहीतरी बिघाड शे." घाबरली की तिची अहिराणी बाहेर यायची. मी लॅपटॉपवरून मान तरी वर केली का? "तुला भास होतो," म्हणालो. इतकंच. लॉग उघडून बघायला किती वेळ लागला असता?

रॅलीच्या दिवशी चढावर इंजिन गेलं. पांढरा धूर, आणि गाडी रस्त्याच्या कडेला. शेठ, त्याची माणसं, मी — सगळे धावलो. मी लॉग उतरवला आणि पहिल्याच नजरेत कळलं. हवा भरमसाट, पेट्रोल नाही. माझ्याच आकड्यांनी पिस्टन खाल्ला होता.

मग मी काय केलं? पेट्रोलची रेघ स्क्रीनवरून काढून टाकली. फक्त इंजिनाच्या वेगाची ठेवली. ती लाल खुणेला टेकलेली दिसत होती — रॅलीत प्रत्येक गाडीची टेकते, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. बोट ठेवून म्हणालो, "हिच्या हातून गिअर चुकीचा पडला. इंजिन प्रमाणाबाहेर फिरलं आणि गेलं."

आणि कुणी, एकानेही, विचारलं नाही! मला चीड येते ती याची. दुसरा प्रश्न नाही, दुसरा आलेख दाखव म्हणून नाही. तिच्या जागी एखादा पोरगा असता तर दहा जणांनी माझी गचांडी धरली असती. बाई म्हटल्यावर सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. आणि मला हे माहीत होतं, म्हणूनच तर मी ते खोटं निवडलं. मग त्यांच्यावर चिडायचा मला काय अधिकार?

"मी गिअर नाही चुकले," ती एकदाच म्हणाली. माझ्याकडे बघून. मी वायर गुंडाळत राहिलो. इंजिन उघडलंही मीच, भोक पडलेला पिस्टन भंगारात टाकलाही मीच. शेठने दुसरा ड्रायव्हर घेतला. तिला पुन्हा कुणी रेसची गाडी दिली नाही. माझा धंदा मात्र वाढला.

मागच्या हिवाळ्यात ती मला नाशिकरोडला भेटली. आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. "चल भाऊ, सोडते द्वारका चौकापर्यंत," म्हणाली. मी शेजारी बसलो. सिग्नल सुटला. गिअर टाकताना तिने मान खाली घालून दांड्याकडे बघितलं. दुसऱ्याला बघितलं. तिसऱ्यालाही. एवढ्या सरळ रस्त्यावर.

"सवय लागली," ती म्हणाली. "तेव्हापासून हातावर भरवसाच नाही राहिला."

म्हणजे तिनेही ते खरं मानलं होतं.

द्वारकेला गाडी थांबली. मी उतरलो, दार नीट लावलं, काचेतून हात केला आणि रस्ता ओलांडून निघून गेलो.