मर्टलचं फाटक

मर्टल क्विगली माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी त्याच्या खिशांकडे. यारंबीन गावच्या प्राणी-उद्यानाच्या फाटकावर ती इतकी वर्षं बसली आहे की आता चर्चमध्येही तिची नजर तशीच फिरते. दानाची टोपली पुढे सरकवतानासुद्धा शेजारणीच्या पर्समध्ये काय आहे हे ती बघून घेते.

तिला दोष देण्यात अर्थ नाही. फाटकातून काय काय माणसं आत जातात ते मीही पाहिलं आहे. झोपलेल्या वॉम्बॅटच्या काचेवर अंगठीने टकटक करणारे, काकाकुव्याला शिव्या शिकवणारे, एमूबरोबर फोटो काढायचा म्हणून त्याच्या गळ्यात हात टाकणारे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खिशातून हळूच काहीतरी काढून जाळीतून आत सरकवणारे.

"एकच चिप दिली हो," परवा एक बाई म्हणाली.

"तुमच्या मागे बसभर माणसं आहेत, बाई. प्रत्येकाने एकच दिली तर?"

"अहो, किती आशेने बघत होती ती."

"माझा नवरा पण तसाच बघायचा. म्हणून त्याला साखर झाली. पिशवी उघडा."

ती म्हणजे पॉपी, करड्या रंगाची म्हातारी कांगारू. तिची आई हमरस्त्यावर ट्रकखाली गेली तेव्हा पॉपी पिशवीतच होती, अंगावर केससुद्धा नव्हते. मर्टलने तिला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला टांगला आणि बाटलीने दूध पाजून वाढवलं. मर्टलला मूलबाळ नाही. याबद्दल ती कधी बोलत नाही, आम्हीही विचारत नाही.

हिवाळ्यात पॉपीचा जबडा सुजला. गोड, चिकट काही दातांत अडकलं की कांगारूची हिरडी कुजते आणि ते हाडापर्यंत जातं. डॉक्टरने दात काढला, औषध दिलं आणि मर्टलला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पुन्हा झालं तर मी तिला कायमच्या झोपेचं इंजेक्शन देईन. तिचे हाल बघत बसू नका."

त्या दिवसापासून फाटकावर पाखरूसुद्धा तपासल्याशिवाय आत जाईना. तरी सूज परत आली.

"कोण करतंय हे?" मर्टलने शेजारच्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून विचारलं. मी चहाबरोबरच्या स्कोन-पावांचं पीठ मळत होते. "बसवाले नाहीत. बसवाल्यांना मी कपडे सोडून सगळं उतरवायला लावते."

"मग?"

"मग आपल्यातलं कोणीतरी." असं म्हणून तिने माझ्या पिठाकडे पाहिलं. मी जपमाळ ओढणारी बाई, पण त्या नजरेने माझेही हात थबकले.

एका रविवारी दुपारी तिला पॉपीच्या मिशीत खोबऱ्याचा किस सापडला. तिने तो बोटावर घेऊन मला दाखवला. "खोबरं. पर्यटक चिप्स आणतात, पाव आणतात. खोबऱ्यात घोळवलेलं काय असतं सांग?"

सांगायची गरज नव्हती. लॅमिंग्टन. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात लोळवलेले केकचे चौकोन. ते रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या दालनात चहाबरोबर असतात, आणि दालनामागची गल्ली कांगारूंच्या कुंपणाला लागून जाते. रविवारी सकाळी फाटक बंद असतं, कारण फाटकवाली मिस्साला असते.

पुढच्या रविवारी मर्टलने चहाचा घोट घेतला नाही. किटलीपाशी उभी राहून ती कोणाचा हात कोणत्या ताटलीकडे जातो ते बघत होती.

आमच्याकडे प्रत्येक घरची बाई ताटली आणते. ताटली रिकामी घरी गेली पाहिजे. भरलेली परत नेणं म्हणजे गावभर जाहिरात, हिच्या हातचं कोणी खाल्लं नाही. म्हणून आम्ही एकमेकींचं थोडं थोडं उचलतो, आवडो न आवडो, छान झालंय म्हणतो, आणि नाहीच गिळवलं तर कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकतो.

लॅमिंग्टन दोघी आणतात. ग्रेटाचे पहिल्या पाच मिनिटांत संपतात. दुसरी एनिड, मर्टलची भावजय. मर्टलचा भाऊ फ्रँक होता तेव्हा भट्टी तोच सांभाळायचा, एनिड फक्त खोबरं लावायची. तो गेल्यापासून तिचे लॅमिंग्टन खालून करपलेले आणि आतून लाकडासारखे. तरी दर रविवारी आणते. आम्ही सगळ्या म्हणतो, "एनिड, छान झालेत हो." मर्टलही म्हणायची.

त्या दिवशी एनिडची ताटली शेवटपर्यंत जवळजवळ भरलेली होती. तिने ती कापडाने झाकली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि मागच्या दाराने गेली. मर्टलने माझा दंड धरला. "चल."

गल्लीच्या वळणावर आम्ही थांबलो. एनिड कुंपणाशी उभी होती. जाळीतून एक एक तुकडा आत देत होती आणि पॉपीशी बोलत होती. "घे बाळ. तुला तरी आवडतात माझे."

मी मनात हेल मेरीची प्रार्थना म्हणायला लागले. मर्टलची जीभ मला माहीत होती. मर्टल पुढे गेली आणि फाटकावर म्हणते तेच म्हणाली.

"पिशवी उघड, एनिड."

एनिड दचकली. ताटली तिने छातीशी धरली. "अगं, भरलेली ताटली घेऊन घरी कशी जाऊ? टेबलावर ठेवते आणि समोर फ्रँकची रिकामी खुर्ची."

"तिचा जबडा बघितलास?"

"तो बसवाल्यांनी केला ना? तूच म्हणायचीस."

मर्टलने ताटलीतला एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. गिळला.

"वाईट झालाय," ती म्हणाली. "करपलाय, आणि आत कोरडा ठणठणीत."

एनिडने ताटली छातीवरून खाली घेतली. "मग छान छान कशाला म्हणत होतात सगळ्या? दोन वर्षं?"

मी पर्स काखेत दाबली. तिच्यात त्या क्षणी एनिडचा एक लॅमिंग्टन रुमालात होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला. बॅगेत दात काढायची आणि त्या इंजेक्शनची, दोन्ही सोयी घेऊनच आला होता. मर्टलने पॉपीचं डोकं मांडीवर धरलं, एनिड जाळीबाहेर उभी राहिली, तिला आत सोडलं नव्हतं. डॉक्टरने बराच वेळ हिरडीवरून बोट फिरवलं. हाडापर्यंत गेलेलं नाही, म्हणाला. बाहेरचं खाणं बंद झालं तर वाचेल. त्याने आणखी एक दात काढला आणि इंजेक्शनची बाटली बॅगेतून न काढताच गेला.

आता एनिडच्या ताटलीत उरलेलं मर्टल सगळ्यांसमोर स्वतःच्या डब्यात भरते, कोंबड्यांसाठी. मंगळवारी दोघी मर्टलच्या भट्टीपाशी भांडतात, त्याचा आवाज माझ्या अंगणापर्यंत येतो. लॅमिंग्टन थोडे बरे होतात. थोडेच.

पॉपी चरते आहे. सूज उतरली, तरी मर्टल रोज तिच्या जबड्यावरून अंगठा फिरवते. आणि रविवारी चहा आटोपला की दालनाच्या मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. एनिड न सांगता पर्स उघडते. काल फादरनीही झग्याचे खिसे बाहेर काढून दाखवले, हसत. मर्टल हसली नाही. तिने आत हात घालून बघितलं.