टोल्याच्या ओळी

८ ऑगस्ट २००६, मंगळवार. आर्वीच्या ऑफिसात मी मुलांच्या वजनांचे कागद छापील अहवालाशी ताडून पाहत होते. रोहण्याकडच्या एका गावातली ही वजनं मीच घेतली होती. पोषणाचं जादा केंद्र कोणत्या गावाला द्यायचं, हे दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बैठकीत ठरणार होतं. अहवाल म्हणत होता, या गावाला गरज नाही.

गरज होती ती त्याच गावच्या टोल्यात, नाल्यापलीकडच्या गोंडांच्या वस्तीत. माझ्या कागदांवर तिथली सगळी मुलं होती. अहवालात एकही नव्हतं.

आकडेमोड करणारे सर नागपूरहून आठवड्यातून दोनदा यायचे. गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मला ते आवडत नसत आणि हे त्यांना माहीत होतं.

"टोला कुठे गेला?" मी विचारलं.

"कसला टोला? डुप्लिकेट ओळी होत्या, काढून टाकल्या. प्रोग्राम फाइल उघडतच नव्हता."

त्यांचा प्रोग्राम पहिला रकाना ओळीचं नाव म्हणून वाचायचा आणि दोन ओळींचं नाव एकच असलं की अडून बसायचा. घर क्रमांक आणि मूल क्रमांक जोडून ते नाव करायचं, ही शक्कल माझीच. गावात बारा नंबरच्या घरातलं पहिलं मूल म्हणजे १२-१. पण टोल्यातही बारा नंबरचं घर होतंच. फाइलमध्ये गाव आधी आणि टोला नंतर. सरांनी पहिली ओळ ठेवून दुसरी उडवली. टोला लहान, घरटी एकदोनच मुलं; गावातल्या त्याच नंबरांच्या घरांत तितकी होतीच, त्यामुळे तिथला प्रत्येक नंबर गावात आधीच येऊन गेला होता. सगळा टोला साफ.

त्या गावची अंगणवाडी सेविका रजिस्टर द्यायला आलेली होती. दारांवर गेरूने नंबर तिनेच टाकले होते. मी तिच्यावरच घसरले.

"टोल्याचे नंबर पुन्हा एकपासून कशाला टाकले?"

"आमच्याकडं तसंच राह्यते, मॅडम. टोल्याचं सारं येगळं. गावाच्या मांगं टोला जोडला असता त गावातल्याईनं मले उभं केलं नसतं."

"हे मला कोणी सांगितलं होतं?" सर म्हणाले.

"तुमी एक डाव पोरं पाहाले आले असते त समजलं असतं, सर."

सर लाल झाले. "मॅडम, तुम्ही काटा सांभाळा. फाइल माझं काम आहे. अहवाल छापून झालाय, आता काही बदलणार नाही."

"मग उद्या बैठकीत सांगा, टोल्यात मुलंच नाहीत म्हणून."

"तुमची ओळींची नावं चुकली, मॅडम. माझा प्रोग्राम नाही."

खरं होतं ते, म्हणून जास्तच झोंबलं. पण अडलेला प्रोग्राम चूक कुठे आहे तेच दाखवत होता आणि या माणसाने मुलं पुसून त्याला गप्प केलं होतं. चारच्या बसने ते निघून गेले. सेविका म्हणाली, "जाऊ द्या त्याईले. तुमाले येते का हे?"

थोडंफार येत होतं. पहिल्या रकान्याला ओळीचं नाव करू नको, साधा रकानाच राहू दे, असं मी प्रोग्रामला सांगितलं. मूळ फाइल न अडता उघडली. मग गाव की टोला, असा एक नवा रकाना घातला. सेविका रजिस्टरमधून वाचत गेली, मी भरत गेले. दिवेलागणीपर्यंत टोल्याची वेगळी यादी निघाली. कमी वजनाची मुलं पानभर होती.

"सर चिडतीन," ती म्हणाली.

"चिडू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसने वर्ध्याला गेले, बैठकीच्या खोलीत सरांच्या आधी पोहोचले आणि प्रत्येक खुर्चीपुढे मांडलेल्या त्यांच्या अहवालावर टोल्याची यादी ठेवली. सरांच्या खुर्चीपुढेही.