डब्यावरची दुसरी खूण

आमच्या घरात सगळ्यात जास्त घाई मला. बाबा म्हणतात, "हिच्या पायाले भिंगरी हाय," आणि ते खोटं नाही. मला एका जागी गमतच नाही. त्यात फोनवर आमचा तो छोट्या फिल्मवाल्यांचा ग्रुप. आठ एमएमच्या जुन्या कॅमेऱ्यांवर अजूनही घरगुती सिनेमे काढणारे देशभरातले येडे त्यात आहेत. दिवसभर बातम्या सुरू असतात. अमुक फिल्म बनवणं बंद होणार, तमुक देशात नवा कॅमेरा येतोय, फिल्म धुणारी लॅब पुढच्या महिन्यापासून रीळ घेणार नाही. नालवाडीहून वर्ध्याच्या ऑफिसात पोचेस्तोवर मी स्कूटी दोनदा कडेला लावून हेच वाचते.

कॅमेरा मात्र बाबांचा. शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हापासूनचा, चावी देऊन चालणारा. मागच्या वर्षापासून बाबा गोष्टी विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वय झालं, लक्ष ठेवा. बाबा मनातून हादरले. त्यांनी आपली परीक्षा आपणच ठरवली. "कॅमेरा बरोबर चालवता येते तोवर डोकं ठिकाणावर हाय," ते म्हणाले. "तिथं चुकलो का ठेवून देईन." मी हसण्यावारी नेलं. बाबा हसत नव्हते.

या कॅमेऱ्याच्या रिळाचं एक तंत्र आहे. फिल्म रुंद असते. एकदा चालवली की तिची अर्धी बाजूच उमटते. मग कॅमेरा उघडून रीळ उलटं घालायचं आणि दुसरी बाजू काढायची. लॅबवाले ती मधोमध कापून जोडून देतात. दोन वेळा चालवायची, तिसऱ्यांदा चालवली की पहिल्या चित्रावर दुसरं चित्र बसलंच म्हणून समजा. म्हणून बाबांची शिस्त होती. एक बाजू झाली की डब्यावर पेन्सिलीने एक रेघ, दुसरी झाली की दुसरी रेघ. "आपल्या ध्यानावर भरवसा ठेवायचा नाई, रेघेवर ठेवायचा," हे ते मला लहानपणापासून सांगत आलेत.

ग्रुपातल्या एकाने बाहेरदेशातून येताना आमच्यासाठी एक रीळ आणलं. एकच! बाबांनी पहिली बाजू चार दिवस पुरवून पुरवून काढली. आई गच्चीवर कुरड्या घालते आहे, अंगणात केस विंचरते आहे, एवढंच. वर एक रेघ मारली आणि मला म्हणाले, "दुसरी बाजू तू काढ."

मी कामासाठी आष्टीला गेले होते, तिथल्या बाजारात सगळी बाजू एका दमात संपवली. कांद्याचे ढीग, दोरखंडवाला, भाव करणाऱ्या बाया. तेवढ्यात ऑफिसच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी रीळ डब्यात कोंबलं, पळाले, घरी येऊन डबा बाबांच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच ट्रेनिंगसाठी नागपूरला निघून गेले. रेघ मारली नाही. आष्टीचं कुणाला सांगितलंही नाही.

मी परत आले तेव्हा ग्रुपात हलकल्लोळ होता, लॅब शेवटची रिळं घेते आहे म्हणून. मी डबा उचलला, वर दोन रेघा दिसल्या. मारली असेल मीच, असं म्हणून कुरिअर करून मोकळी झाले.

महिनाभर माझा जीव वरखाली. रोज ग्रुपात विचारायचं, कुणाचं आलं का? शेवटी आलं. दुपारी पडदे ओढून भिंतीवर चादर लावली, बाबांनी प्रोजेक्टर सुरू केला.

आई कुरड्या घालत होती आणि तिच्या अंगावरून केळझरच्या गणपतीच्या पायऱ्या चढत होत्या. माणसं तिच्या केसांतून जात होती. आई हसायला लागली. "अवो, हे लोकं माया डोक्यावरून काऊन चालून राह्यले?"

मी नागपूरला असताना बाबा चतुर्थीला केळझरला जाऊन आले होते, हे मला तेव्हा कळलं. डब्यावर एकच रेघ पाहून त्यांनी रीळ पुन्हा घातलं होतं. मग आष्टीचा बाजार आला, लख्ख.

"हे तू काढलं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे तू मले सांगतलं असशीन. मी विसरलो."

तेव्हाच बोलायला हवं होतं. दुसऱ्यावर ओरडायला माझं तोंड भरभर चालतं, स्वतःची चूक सांगायची तर जीभ टाळूला चिकटते. बाबांनी कॅमेरा पुसला, पिशवीत घातला आणि कपाटावर ठेवला.

त्या दिवसापासून बाबा मिटत गेले. गॅसला हात लावेनात. बँकेत एकटे जाईनात. जेवण झाल्यावर आईला विचारायचे, "मी जेवलो ना वो?" आधी असं कधीच विचारलं नव्हतं. हे सगळं माझ्या एका रेघेपायी! आठ दिवस मी ते पाहिलं आणि मग मला सहन होईना.

सकाळी ऑफिसला निघता निघता मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, चूक माझी आहे. रेघ मी मारली नाही. तुमी विसरले नाही, तुमी बरोबर होते."

बाबांनी उठून डबा आणला, माझ्यापुढे धरला. "दोन रेघा हायेत ना वो बाई."

"दुसरी तुमी मारली! केळझरहून आल्यावर!"

"मले तर नाई आठवत."

मी रडकुंडीला आले, ओरडले, देवाची शपथ घेतली. बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "लहानपणीही तू अशीच करे," ते म्हणाले. "माया हातून काही फुटलं का, 'म्याच फोडलं' म्हणून तूच पुढं येत होती."

मग त्यांनी आईकडे पाहिलं. "पाह्य वो, माया मनाले लागू नये म्हणून पोरगी कशी भांडून राह्यली."