स्टारमधून धुळे वगळताना

“ताई, आपल्या साइटवरून धुळ्याचं नाव काढा. आजच,” मोतीभाऊ म्हणाले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावात कॉम्प्युटरची कामं घ्यायचे. मोतीभाऊंचा शेतीपंपांच्या सुट्या भागांचा व्यापार. जळगाव आणि पारोळ्याचं दुकान ते बघत, धुळ्याचं धाकटे भाऊ सुरेश. वेबसाइट एकाच नावाची, पण तिच्यात प्रत्येक दुकानाचा वेगळा वेब-पत्ता आणि भाड्याचा वेगळा सर्व्हर. डीलर तिथून ऑर्डर टाकत.

साइट खरी आहे, याची हमी म्हणजे सर्टिफिकेट. आम्ही वाइल्डकार्ड घेतलं होतं. त्यात दुकानाच्या नावाच्या जागी नुसता स्टार असतो, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच. त्याची एक गुप्त फाइल असते, तिला ‘की’ म्हणतात. तीच तिन्हीकडे ठेवलेली होती.

त्यांचे वडील, बाबूजी, गेले आणि भावांची वाटणी झाली; धुळे सुरेशभाऊंचं झालं. बोलणंही थांबलं.

मी धुळ्याला गेले. सुरेशभाऊंनी मुकाट्याने कॉम्प्युटर लावून दिला. सर्व्हरवरची की मी पुसली. तिची प्रत असलेली फ्लॉपी त्यांनीच काढून दिली.

“दादाला सांगा, माझ्याकडे आता काही नाही.”

“सांगते. पण जळगाव-पारोळ्यासाठी सर्टिफिकेट नवीनच काढावं लागेल.”

“का?”

“जुन्या कीची प्रत कुणाकडे राहिली, तर तो जळगावच्या नावाने खोटी साइट उभी करू शकतो.”

“मी? दादाच्या नावाने?”

“तसं नाही, भाऊ. पण प्रत नाही, हे सिद्ध करता येत नाही.”

“मी सांगतोय ते पुरत नाही?”

“या कामात नाही.”

चहा आला, तो कुणीच घेतला नाही.

जळगावला मोतीभाऊंनी विचारलं, “काही म्हणाला?”

मी सगळं सांगितलं.

“तो असं करणार नाही. लहानपणापासून ओळखतो मी त्याला.”

“मग जुनंच राहू द्यायचं?”

“नाही. नियमाने असेल ते करा.”

जुनं सर्टिफिकेट रद्द झालं, नवं निघालं. सुरेशभाऊंनी दुसऱ्या नावाने साइट काढली. धुळ्याचा पत्ता लागत नाही म्हणून डीलर जळगावला फोन करू लागले. ते फोन मोतीभाऊ स्वतः घेत आणि भावाचा नवा पत्ता एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावत. धुळ्याला मात्र त्यांनी कधी फोन लावला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक दुकानाला वेगळं सर्टिफिकेट घ्यायला सांगते. खर्च वाढतो. पण एकाला वेगळं करताना बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.