म्हाताऱ्या जीपला कोणतं ऑइल?

मोखाड्याच्या स्टँडवर एक जीप भरेपर्यंत चार किस्से होतातच. त्यातले तीन ऑइलचे! कारण आमच्या लाइनीवरची एकही गाडी तरुण नाही. माझी तर एकोणीस वर्षांची, डिझेलपेक्षा ऑइल जास्त मागणारी.

यंदा माझा जीव नुसता खालीवर होत होता. पोशेऱ्याच्या सात पोरींना बारावीच्या पेपरांना जव्हारच्या केंद्रावर न्यायचं मी कबूल करून बसलो होतो. सातपैकी चौघींच्या घरी स्पष्ट बोलणं झालेलं: पेपर चुकला तर पुढच्या वर्षी परीक्षा नाही, लग्न. त्यामुळे इंजिनात जरा टिकटिक झाली की मी गाडी बाजूला घेऊन कान लावायचो.

*

ठाण्यात काम करून आलेला संतोष म्हणाला, "भाऊ, सिंथेटिक डालो, एकदम मख्खन!"

डाललं. आठ दिवसांत जिथून गळायला भोक नव्हतं तिथूनही गळायला लागलं. आमचे मेकॅनिक दामूदादा गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, झिजलेलं इंजिन हाय, त्याला जाड ऑइल लागतं. तू म्हाताऱ्याला पातळ ताक पाजलंस, आता रातभर उठणारच तो!"

संतोष त्यानंतर दोन दिवस स्टँडवर दिसला नाही.

*

आमच्याच लाइनीवरच्या नामदेवची तऱ्हा वेगळी. तो रोज सकाळी दारातच डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघायचा. ऑइल कमी दिसायचं, तो ओतायचा. महिन्याभरात जीप निळा धूर सोडायला लागली.

दामूदादा म्हणाले, "तुझं दार उतारावर हाय. उतारावर माप खोटंच दाखवणार, तू जादा ओतलंस. गाडी सपाटीला लावून बघ."

"मोखाड्यात सपाटी कुठं हाय, दादा?"

सगळे विचारात पडले. शेवटी सापडली, शाळेचं मैदान. तेव्हापासून दर सोमवारी प्रार्थनेआधी तिथं तीन जीपा बोनेट उघडून उभ्या असतात. एकदा हेडमास्तर माइकवरूनच ओरडले, "आधी राष्ट्रगीत, मग डिपस्टिक!"

*

एका ऑफिसातले क्लार्कसाहेब जुनी कार घेऊन आले. हातात गाडीचं पुस्तक. "यात लिहिलंय की उणे वीस डिग्रीला हेच ऑइल टाकावं."

दामूदादांनी पुस्तक बघितलं, मग साहेबांना बघितलं. "साहेब, इथं उणे वीस झालं तर आधी तुम्ही सुरू होता का बघू!"

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि जाड ऑइलचा डबा घेतला.

*

परीक्षा जवळ आली तसं मला घरात बसवेना. जेवताना उठून बोनेट उघडायचो. बायको म्हणाली, "पोरगा तापानं फणफणला होता तेव्हा इतक्यांदा हात लावून बघितला नव्हतात!"

खरंच होतं.

*

पहिला पेपर इंग्रजीचा. सात पोरी, आणि वाटेत मोखाड्याला हात करून चढलेली एक म्हातारी. बाळंत झालेल्या लेकीकडे जव्हारला निघालेली, मांडीवर दोन लिटरचा कॅन. पोरी मोठ्यानं पाठ करत होत्या, मी इंजिन ऐकत होतो.

घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. लगेच बंद केली. डिपस्टिक कोरडी, सगळं ऑइल वाटेत गळून गेलेलं! मागं हात घातला, तर जादा डबा नाही. आदल्या दिवशी मीच नामदेवला दिला होता आणि विसरलो होतो. मोबाइलला रेंज नाही. मागून एसटी आली, ती दारापर्यंत भरलेली, थांबलीसुद्धा नाही. एक पोर रडायला लागली. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

म्हातारी खाली उतरली. "काय झालं रं?"

"तेल संपलं, आजी. इंजिनचं. असंच चालवलं तर जाम होईल."

तिनं कॅन पुढं केला. "हे घाल. खुरासणीचं हाय. घाण्यावर बसून काढून आणलंय."

"अगं आजी, हे खायचं तेल! आणि लेकीसाठी नेतेस ना?"

"लेक काय पळून जातीय? ह्या पोरींचा पेपर आज हाय."

सगळं आयुष्य ऑइलच्या ग्रेडवर, जाड की पातळ यावर, भांडण्यात गेलं, आणि त्या क्षणी एकही ग्रेड आठवेना. अर्धा कॅन ओतला. दिवा विझला. बोनेटमधून भजी तळल्याचा वास सोडत आम्ही हळूहळू चढलो.

केंद्राचं गेट बंद व्हायला पाच मिनिटं असताना पोहोचलो. सातही पोरी पळत आत गेल्या. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो.

म्हातारी खिडकीशी आली. कॅन कानाशी धरून हलवून बघितला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"अर्धं उरलंय," ती म्हणाली. "पोरींना घरी पण न्यायचंय ना?"