स्लीपरवाल्या बाई

आमच्या अंगणवाडीच्या बाई कधी खाली बसल्याच नाहीत. चहासुद्धा उभ्यानं, आणि लेकरांत शिरल्या की पायाला भिंगरी. "बाई, बसा की जरा," म्हटलं तर म्हणायच्या, "मी बसले की लेकरं सांडतात." मी तरी कुठली एका जागी बसणारी! शिवणयंत्रावर बसले तरी अर्धं चित्त दाराकडं. पण बाईंकडे बघून मलाच दम लागायचा.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात सगळे त्यांना स्लीपरवाल्या बाई म्हणत. घरोघरी तुटक्या स्लीपर मागायच्या, साबणानं घासून उन्हात टाकायच्या आणि त्या रबराचे गोल, चौकोन, त्रिकोण कापायच्या. पुठ्ठा लेकरं चावून टाकतात, रबर टिकतं, असं त्यांचं म्हणणं. कुणाची चप्पल हरवली की माणसं आधी अंगणवाडीत डोकावत. एकदा सरपंचांची चांगली धडधाकट स्लीपर चौकोन होऊन बसली. ते तणतणत आले, तर बाई म्हणतात कशा, "दुसरी पण द्या आता, त्रिकोण कमी पडून राहिले." सरपंच अनवाणीच परत गेले.

बाई दारात उभ्या राहून एक आकार वर धरायच्या, लेकरांनी ढिगातून तसाच शोधून आणायचा. त्रिकोणाला सगळी समोसा म्हणत. "म्हणा की," बाई म्हणायच्या, "पण समोशाला कोपरे किती ते सांगा."

माझी प्रज्ञा मात्र काहीही उचलून आणायची. बाईंनी त्रिकोण दाखवला की ही गोल घेऊन धावणार, वाटेत पाटाला अडखळणार. लेकरं हसायची. सासूबाई एकदा तोंडावर बोलल्या, "पोरगी अर्धवटच निघाली." तेव्हापासून मी अंगणवाडीच्या दारापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. शेवटी विचारलंच, "बाई, खरं सांगा, डोक्यानं कमी हाय का ती?"

"काहून रडून राहिली? थांब जरा," एवढं बोलून बाई निघूनही गेल्या. असा संताप आला म्हणता!

दुसऱ्या दिवशी मी दारातच ठाण मांडलं. बाईंनी डोळे मिटायचा खेळ मांडला होता. टोपलीत हात घालायचा, कोपरे चाचपायचे आणि आकार ओळखायचा. "बोचतो का कोपरा? बघ." प्रज्ञानं एकही चुकवला नाही. चौकोन आणि लांबडा चौकोन यांत मोठी लेकरं गडबडतात, ही नाही गडबडली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग डोळे उघडायला लावून लांबून त्रिकोण दाखवला. प्रज्ञा गप्प. जवळ नेला, तरी गप्प. अगदी नाकाशी नेला तेव्हा ओरडली, "समोसा!"

"अगं माय! हिचं डोकं बराबर हाय," बाई माझ्यावरच खेकसल्या. "हिला दिसतच न्हाई!"

लेकरं मदतनीस बाईंवर सोपवून त्यांनी आम्हाला तसंच जीपमध्ये कोंबलं आणि हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. जाड भिंगांचा चष्मा लागला. चष्मा घेऊन परतताना रस्त्याकडेला हळद वाळत पडलेली. प्रज्ञा किंचाळली, "आई, त्या पिवळ्याचे तुकडे तुकडे हायेत!" आजवर तिला तो नुसता पिवळा पसारा दिसत होता. मी भर जीपमध्ये रडले.

तेव्हापासून प्रज्ञा दिसली की बाई तिचा चष्मा काढणार, पदरानं पुसणार, पुन्हा नाकावर बसवणार आणि विचारणार, "आता?" पोरगी मोठ्या शाळेत गेली तरी ही सवय सुटली नाही.

यंदा बाई निवृत्त झाल्या आणि लेकाकडे वसमतला निघाल्या. निरोपाला हार घातलेली खुर्ची ठेवली होती. बाई कशाच्या बसतायत! याला पाणी दे, त्याची टोपी नीट कर, सारखी लगबग. आम्ही सगळ्या डोळे पुसतोय आणि ही बाई सतरंजी झटकतेय! बाईला काहीच वाटत नाही का, म्हणून मला रागच आला.

प्रज्ञा पाया पडायला गेली. बाईंनी सवयीनं तिचा चष्मा काढला, पुसला, नाकावर बसवला.

"आता? दिसून राहिलं का बराबर?"

"व्हय," प्रज्ञा त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "बाई, तुमी रडून राहिल्या."

बाईंनी पदर तोंडाला लावला, मागं हात करून खुर्ची चाचपली आणि बसल्या.